अळणी घाम

केतकी वाईच्या स्टँडवर उतरली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. अण्णांच्या, तिच्या वडिलांच्या, घराची किल्ली पर्समध्ये होती, पण ते दार उघडायचं तिच्या जिवावर आलं. आत सगळं जसंच्या तसं असणार: चष्मा, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, खिडकीत वाळत ठेवलेले पळायचे बूट. ती तशीच पुढे चालत हणमंतकाकांकडे गेली.

"या, पुण्याच्या पाव्हण्या," काका दारातूनच म्हणाले. "वाळलीस की गं. लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतीस का सोताचं?"

"दोन्ही," केतकी म्हणाली आणि पायरीवरच टेकली.

हणमंत भोईटे म्हणजे अण्णांचे शाळासोबती; अण्णा त्यांचे 'वामन्या'. एस.टी.च्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. पन्नाशीला त्यांना दम लागायला लागला तेव्हा अण्णांनी त्यांना पहाटे अंथरुणातून ओढून रस्त्यावर आणलं. अण्णा पी.टी.चे सर, ऐकणार कुणाचं? तेव्हापासून सतरा वर्षं दोघं बरोबर पळत होते. गेल्या वर्षी सप्टेंबरात घाटदौडीच्या दिवशी अण्णा पळता पळता कोसळले आणि संध्याकाळी गेले. यंदा समितीने त्यांच्या नावाचा चषक ठेवला होता, साठीच्या पुढच्यांसाठी. उद्याच्या दौडीनंतर तो केतकीच्या हातून द्यायचा होता.

"त्यो चषक मीच घेणार," काकांनी जाहीर केलं. "साठीच्या वरचे आम्ही तिघं. एकाचा गुडघा गेलाय, एकाची बायको पळू देत न्हाई. ऱ्हायलं कोण?"

"आधी जेवा, मग जिंका," आतून शालनकाकू म्हणाल्या.

भाकरी, भरली वांगी, आमटी. केतकीने पहिला घास घेतला आणि थांबली. कुणाच्या घरी असं बोलू नये, पण भूक इतकी होती की तोंडातून निघून गेलं. "काकू, आमटीत मीठ राहिलंय."

काकूंनी कपाळावर हात मारला. "वाटीची अदलाबदल झाली बघ. ती ह्यांची. ह्यांचं अळणी असतंय."

"बी.पी. आहे का काकांना?"

"कसलं बी.पी.? चातुर्मास."

काका भाकरीचे तुकडे करत राहिले. मग ताटाकडे बघतच म्हणाले, "नेम तुझ्या आईचा. चातुर्मासभर अळणी खायाची ती, ठावं हाय नव्हं? दोन सालांमागं भर श्रावणात गेली, नेम अर्धा ऱ्हायला. गेल्या साली वामन्यानं उचलला. म्हणला, तिचा मी पुरा करतो. त्यो भाद्रपदात गेला." त्यांनी तुकडा आमटीत बुडवला. "आता आमी उचललाय. कुणीतरी पुरा करायला नको?"

केतकीचा हात ताटातच राहिला.

"अण्णा अळणी खात होते?"

"आषाढीपासनं. तुला सांगितलं न्हाई त्यानं. म्हणला, पोरगी लॅबवाली हाय, भाषण देईल."

एक वर्ष ती दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बसत होती. एक अण्णांच्या रक्ताचा रिपोर्ट, दुसरा 'ओलावा' कंपनीचा अहवाल. दोन्ही खरे कसे असू शकतात, हे तिला उमगत नव्हतं. आणि आज ते उत्तर एका चुकीच्या वाटीतून आलं होतं.

*

'ओलावा' हे कंपनीचं आणि तिच्या यंत्राचं कागदावरचं नाव. लोक त्या यंत्राला टिकली म्हणत, कारण ती टिकलीसारखीच गोल, दंडावर चिकटवायची. तीन-चार वर्षांत ती सगळीकडे झाली होती. तिच्यामागचा विचार साधा होता. लांब पळणाऱ्याने किती पाणी प्यावं, हा जुना वाद. कमी प्यालं तर रक्त दाटतं, अंग तापतं, माणूस पडतो. तहान लागल्यावर प्यावं म्हटलं, तर म्हातारपणी तहान उशिरा लागते. टिकली त्वचेवरचा घाम मोजायची. किती वाहतोय आणि त्यात मीठ किती आहे, हे दोन आकडे. त्यावरून शरीरातून काय गेलं याचा हिशोब करून ती दंडावर थरथरायची: आता दीडशे मिली पाणी, आता दोनशे, आता क्षारांची गोळी. आदल्या रात्रीपासून शर्यत संपेपर्यंत सगळं ती सांगायची. घाटदौडीत उन्हाने पडणारे दरवर्षी दहा-बारा असत. टिकली आली आणि पहिल्या वर्षी एकही पडला नाही. मग समितीने ती सक्तीची केली. दोन सूचना मोडल्या की टिकली लाल होते आणि धावपटू बाद.

टिकलीला माणसाची ओळख करून द्यावी लागे. दोन आठवडे ती लावून वावरायचं आणि एक फॉर्म भरायचा. अण्णांचा फॉर्म मे महिन्यात केतकीनेच पुण्याहून भरला होता. वय सदुसष्ट. औषधं नाहीत. आहार: नेहमीचा.

मे महिन्यात तो नेहमीचाच होता.

तिला आता कळत होतं ते असं. मीठ बंद झालं की शरीर कंजूष होतं. लघवीतून, घामातून मीठ जाऊ देत नाही. घामही अळणी होतो. टिकलीने तो अळणी घाम वाचला आणि तिला शिकवलं होतं तोच अर्थ लावला, कारण उत्तम सराव असलेल्या धावपटूचा घामही असाच पातळ असतो. तिने ठरवलं, ह्याचं मीठ जात नाही, नुसतं पाणी जातंय. तेव्हा पाणी द्या. आधीच मिठाची तिजोरी रिकामी असलेल्या माणसाला तिने पाच तास साधं पाणी पाजलं. रक्त पातळ झालं. पातळ रक्तातलं पाणी पेशींमध्ये शिरलं, मेंदूच्याही. आणि मेंदूला फुगायला कवटीत जागा नसते.

अण्णांच्या रक्तात सोडियम एकशे सोळा होतं. एकशे पस्तीसच्या खाली गेलं की केतकीच्या लॅबमध्ये आकडा लाल होतो. कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं: 'यंत्रात दोष आढळला नाही. धावपटूने सर्व सूचना पाळल्या.'

ऑगस्टमध्ये टिकलीने अण्णांना निरोप पाठवला होता: 'अभिनंदन! आपली क्षार-बचत उत्कृष्ट आहे.' तो त्यांनी केतकीला पुढे धाडला होता. तिने फोन करून कौतुक केलं होतं.

आणि शर्यतीच्या दिवशी? ते तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. टिकलीला एक पाठीराखा लागे, घरचं माणूस, ज्याच्या फोनवर सगळं दिसतं. 'धावपटू सूचना पाळत नाही' असा संदेश आला तेव्हा ती ओट्याशी पोहे करत होती. तिने अण्णांच्या कानातल्या यंत्रावर फोन लावला.

"पोट डबडबलंय गं," अण्णा म्हणाले होते. "आता नको वाटतंय."

"अण्णा, तुम्हाला नाही कळत, तिला कळतं. प्या."

ते प्यायले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तोच संदेश आला. तिने पुन्हा फोन केला.

*

"काका, उद्या पळू नका," जेवण झाल्यावर केतकी म्हणाली.

काका सुपारी कातरत होते. "का? काय झालं?"

"अळणी खाऊन टिकलीच्या हुकमावर पाणी प्यायलं तर धोका आहे. टिकलीला नेम कळत नाही."

"मग वामन्याला त्याच्यानंच झालं म्हणतीस?"

ती पुढचं बोलायला तोंड उघडणार, तर काकांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत त्यांचा सतरा वर्षांचा सोबती होता. "असं वाटतं," एवढंच ती म्हणाली.

"वाटतंय व्हय? डाक्टर म्हणला थकवा. आता तू म्हणतीस मीठ." ते समजावणीने बोलायला लागले, एस.टी.त नव्या मेकॅनिकशी बोलत असतील तसे. "त्याच्या नावाचा पहिला चषक, आन मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवू? लोक काय म्हणतील? हणम्या भ्याला."

"निदान आजपासून मीठ तरी खा."

"दोघांचा अर्धा ऱ्हायलाय पोरी. तिसऱ्यानं बी मोडायचा?"

शालनकाकू दारात उभ्या होत्या. "हट्टी हायत दोघंबी. एक गेला तरी ह्यांचं हायेच," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळा पुसून आत गेल्या.

संध्याकाळी नगरपालिकेच्या हॉलमध्ये नंबरपट्ट्या वाटत होते. समितीचे सचिव पिसाळ बारीक अंगाचे, सतत घाईत असलेले गृहस्थ. अण्णांचे विद्यार्थी. त्यांनी केतकीला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्यासमोरच कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. यंत्राचा आवाज गोड होता, मराठी शुद्ध होतं.

"धावपटू हणमंत भोईटे. क्षार-बचत उत्कृष्ट. स्पर्धेसाठी पूर्णपणे योग्य. आहारातील बदल स्पर्धेच्या चौदा दिवस आधी नोंदवावा. आणखी काही मदत करू का?"

"माणूस आहे का कुणी बोलायला?" केतकीने विचारलं.

"मीच आपली मदत करीन," आवाज म्हणाला.

पिसाळांनी फोन ठेवला. "ताई, सरांचं माझ्यावर ऋण आहे. पण टिकली काढू कशी? सगळा विमा तिच्यावर आहे. तुमच्याकडे लेखी काही आहे का?"

"एकशे सोळा," ती म्हणाली. "आणि अळणी आमटी."

पिसाळ नंबरपट्ट्यांचा गठ्ठा सरळ करायला लागले. केतकीने विचारलं, "एकविसाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलावर मला उभं राहू द्याल?"

"त्यात काय? तुम्ही तर पाहुण्या. पण हौस असेल तर राहा उभ्या."

*

पसरणी घाटातलं ते वळण उतारावरचं आहे. धावपटू पाचगणीच्या बाजूने परत खाली येतात, तेव्हा पाय आधीच भरलेले असतात. सकाळी साडेआठपर्यंत तरुण मंडळी वाऱ्यासारखी निघून गेली. नऊनंतर गर्दी विरळ झाली. आता येत होते ते हळू पळणारे: पोट सुटलेले, केस पिकलेले, हौसेचे. केतकीला ठाऊक होतं, जीव यांचाच जातो. जोरात पळणाऱ्याला प्यायला वेळच नसतो. हळू पळणाऱ्याकडे पाच तास असतात आणि दर वळणावर पाणी.

टेबलावर ग्लास भरून ठेवलेले होते. प्रत्येकाच्या दंडावर टिकली थरथरायची, माणूस थांबायचा, ती सांगेल तेवढं प्यायचा, पुढे जायचा. कुणीच तोंड वाकडं करत नव्हतं, कुणी आनंदानेही पीत नव्हतं. गाडीत पेट्रोल भरावं तसं चाललं होतं.

पावणेदहाला काका दिसले. चालतच होते. टोपी एका हातात, दुसरा हात कठड्याला. जवळ आले तेव्हा तिने आधी बोटं पाहिली. फुगली होती. घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला होता.

"काका, कसं वाटतंय?"

"झ्याक," काका म्हणाले आणि तिच्याकडे बघून गोंधळले. "तू हितं कशी? वामन्या कुठाय?"

तेवढ्यात त्यांच्या दंडावरची टिकली थरथरली. दोनशे मिली. काकांचा हात आपोआप ग्लासाकडे गेला. केतकीने ग्लास मागे ओढला.

"नाही."

"अगं, वाजतीय ती."

"वाजू द्या. पाणी मिळणार नाही."

मागून आलेला एक गृहस्थ थबकला. "अहो ताई, म्हाताऱ्या माणसाला पाण्याला नाही म्हणता? पाप लागेल." त्याने स्वतःच एक ग्लास उचलून काकांपुढे धरला. केतकीने तो त्याच्या हातून घेतला आणि रस्त्यावर ओतला. डांबरावर ओला डाग पसरला. ती स्वतःच त्याच्याकडे बघत राहिली. अशा गोष्टी तिने आयुष्यात केल्या नव्हत्या.

पिसाळ मोटारसायकलवरून तपासणी करत वरून येत होते. त्यांनी गाडी उभी केली. "काय झालं?"

"डोकं ठणकतंय जरा," काका म्हणाले. "मळमळतंय बी. पण उतारच हाय आता, नऊ किलोमीटर. पिऊन निघतो."

"काका, खाली बसा," केतकी म्हणाली. "माझं ऐका. काल मी अर्धंच सांगितलं."

ते कठड्यावर बसले. ती त्यांच्यासमोर रस्त्यावरच उकिडवी बसली. पिसाळ, ते पाप सांगणारे गृहस्थ, सगळे ऐकत होते. तिला आता फरक पडत नव्हता.

"अण्णांनी गेल्या वर्षी नको म्हटलं होतं. त्यांचं त्यांना कळलं होतं. पोट डबडबलंय म्हणाले. मी फोन करून पाजलं, काका. तुम्हाला कळत नाही, असं मी म्हणाले त्यांना. एकदा नाही, दोनदा. फॉर्मही मीच भरला होता. त्यांनी टिकलीचं नाही ऐकलं. माझं ऐकलं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. गोंधळलेल्या डोळ्यांच्या मागून कुठूनतरी ते हळूहळू वर आले.

"वामन्यानं ऐकलं?" ते म्हणाले. "आयुष्यात कुणाचं ऐकलं न्हाई त्या गड्यानं. हेडमास्तरचं न्हाई, तुझ्या आईचं न्हाई."

"माझं ऐकलं," केतकी पुन्हा म्हणाली.

दंडावर दुसरी थरथर झाली. काकांनी दंडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हात उचलला नाही.

तिने पिशवीतून छोटी बाटली काढली. चार घोट लिंबाच्या रसात तिने पहाटे चमचाभर मीठ विरघळवलं होतं. "हे घ्या. एका दमात."

"मीठ हाय त्यात."

"हो."

"नेम मोडंल."

"मोडू द्या."

"तुझी आई काय म्हणंल?"

"आईचं मी बघते," केतकी म्हणाली.

काकांनी बाटली तोंडाला लावली. चेहरा वेडावाकडा झाला, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी खाली ठेवली नाही. "आयला," ते म्हणाले, "समुद्रच पाजलास की." आणि दंडावरची टिकली लाल झाली. काकांनी ती पाहिली आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. घाटातून बाकीचे खाली जात राहिले.

रुग्णवाहिका दहा मिनिटांत आली. आतल्या डॉक्टरीणबाई आधी साधं सलाईन लावायला निघाल्या. त्यांच्या फोनच्या पडद्यावर टिकली 'शरीरात पाणी कमी' असं सांगत होती. केतकीने त्यांचा हात धरला. "आधी बोटातलं रक्त बघा. मग काय ते लावा." त्यांच्या खिशातल्या मोजणीयंत्रावर एक थेंब ठेवला. आकडा आला: एकशे चोवीस. डॉक्टरीणबाईंनी हातातली बाटली खाली ठेवली आणि न बोलता तीन टक्के मिठाच्या, दाट सलाईनची छोटी पिशवी काढली.

"वाचतील ना?" पिसाळांनी विचारलं.

"बोलताहेत, शिव्या देताहेत. वाचतील," त्या म्हणाल्या. "आणखी दोन ग्लास गेले असते तर मी हे म्हटलं नसतं."

स्ट्रेचरवरून काकांनी केतकीला हाक मारली. "चषक कुणाला देणार गं?"

"जो शेवटी येईल त्याला."

"म्हंजे त्यो गुडघेवाला," काका म्हणाले आणि डोळे मिटले. "वामन्या चिडंल."

गाडी गेल्यावर केतकी टेबलाला टेकून उभी राहिली. तिला वाटलं होतं, आता रडू येईल किंवा हलकं तरी वाटेल. काहीच झालं नाही. एकशे सोळा होतं तिथेच होतं. त्याच्या शेजारी आता एकशे चोवीस येऊन बसलं होतं, एवढंच.

पिसाळ फोनवर कुणाशी तरी मोठ्याने बोलत होते. येऊन म्हणाले, "कंपनी म्हणते, तपासू. सोमवारी. नियम आत्ता थांबवता येत नाही म्हणतात." त्यांनी घाटाकडे वर पाहिलं. "मागे अजून दीडशे जण आहेत, ताई. त्यातले किती..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. चातुर्मास होता. सर पी.टी. शिकवताना 'हाताची घडी' म्हणायचे तशी त्यांनी नकळत हाताची घडी घातली.

"मला फक्त विचारू द्या," केतकी म्हणाली. "प्रत्येकाला. थांबवणार नाही, विचारेन."

"विचारा. टिकली लाल झाली तर माझ्या नावावर घ्या."

मग ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. येईल त्याला थांबवून विचारायला लागली: मीठ खाता ना? काल जेवलात काय? उपास होता? लोक हसत होते. एकाने, "ताई, लग्नाला मुलगी बघताय का?" म्हणून विचारलं. एकजण चिडून पुढे गेला. पंधरा-वीस जणांनी हो खाल्लं, हो खाल्लं म्हणून सांगितलं आणि ग्लास उचलले. तिचा घसा कोरडा पडला होता, पण स्वतः प्यायची इच्छा होत नव्हती.

मग पन्नाशीच्या पुढच्या एक बाई आल्या. पायात स्वस्तातले बूट, डोक्याला रुमाल बांधलेला, चाल मंद. दंडावर टिकली थरथरत होती. त्यांनी ग्लास उचलला.

"काकू, एक मिनिट. जेवणात मीठ असतं ना तुमच्या?"

बाईंचा चेहरा मिटला. "असं विचारू नये गं कुणाला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ज्याचं त्याचं असतं."

"माझ्या वडिलांना कुणी विचारलं नव्हतं," केतकी म्हणाली. "तुम्हाला विचारते."

टिकली पुन्हा थरथरली. मग त्यांनी भरलेला ग्लास सावकाश, एक थेंबही न सांडता, टेबलावर परत ठेवला.